कापूस आधी आला, मी नंतर

मँचेस्टरमधलं माझं वर्ष आता संपत आलंय. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात प्रबंध सादर झाला की एम.एस्सी. पूर्ण होईल आणि मग नागपूरचं तिकीट. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातलं. पाच एकर कोरडवाहू, त्यात पऱ्हाटी आणि तूर. राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या ७५ जागांपैकी एक मला मिळाली म्हणून इथवर येता आलं. यंदा आपल्या जिल्ह्यातून निघालेल्या पोरापोरींचे फोन सुरू झालेत. कुणी पुसदचं, कुणी वणीचं, कुणी आर्णीचं. काय न्यावं, थंडी किती असते, इंग्रजी जमेल का, हेच सगळ्यांचे प्रश्न. प्रत्येकाला तुटक तुटक सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते.

१. पहिल्या दोन महिन्यांचे पैसे हाताशी ठेवूनच विमानात बसा.

शिष्यवृत्ती मंजूर असली तरी खोलीची अनामत, पांघरूण, कुकर, बसचा पास यांना उधारी चालत नाही. खोली देताना बरेच घरमालक ब्रिटनमध्ये राहणारा जामीनदार मागतात. आपल्या पोरांचा इथं जामीनदार कुठून येणार? म्हणून आधी विद्यापीठाच्या वसतिगृहात जागा मिळते का बघा, थोडी महाग पडली तरी. काम करून भागवू, असं मनात असेल तर हेही लक्षात घ्या की विद्यार्थी व्हिसावर शिकवणीच्या काळात आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि पहिला महिना बँक खातं आणि कागदपत्रांतच जातो.

२. जवसाची चटणी न्या. खवा आणि तूप नेऊ नका.

भारतातून दूध-मांसाचे पदार्थ ब्रिटनमध्ये आणायला बंदी आहे, त्यामुळे आईनं प्रेमानं बांधून दिलेला पेढ्यांचा डबा विमानतळावरच टाकावा लागेल. जवस, कराळं, तीळ यांच्या कोरड्या चटण्या नीट येतात. ज्वारीचं पीठ, तूरडाळ, मेथी, शेवग्याच्या शेंगासुद्धा रशोम भागातल्या विल्म्सलो रोडवर मिळतात. तवा मात्र घरचाच आणा.

३. थंडीचं मनावर घेऊ नका, अंधाराची तयारी ठेवा.

थंडीला कोट असतो. डिसेंबरात इथं दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो आणि सकाळी आठपर्यंत उगवत नाही, त्याला कोट नाही. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात वाढलेल्या माणसाला हे अंगावर येतं. झोप लागत नाही, जेवावंसं वाटत नाही, आणि आपलं काहीतरी बिघडलंय असं वाटू लागतं. बिघडलेलं काही नसतं, उजेड कमी पडलेला असतो. इथली आरोग्यसेवा ऑक्टोबर ते मार्च या काळात सगळ्यांनाच रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्यायला सांगते. ते घ्या, आणि दुपारी बारा ते दोनमध्ये कितीही काम असो, बाहेर चालून या. नाताळात विद्यापीठ रिकामं होतं. ते पंधरा दिवस कुणासोबत काढायचे हे नोव्हेंबरातच ठरवून ठेवा.

४. या शहरात तुम्ही पाहुणे म्हणून येत नाही. तुमचा कापूस इथं दीडशे वर्षं आधी पोचलाय.

हे मला आल्या आल्या कुणी सांगायला हवं होतं, म्हणून इथं सविस्तर लिहिते.

यवतमाळची शकुंतला आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मूर्तिजापूरपर्यंत धावायची ती अरुंद रुळांची गाडी. वऱ्हाडातला कापूस मुख्य लोहमार्गापर्यंत नेऊन पुढे मुंबईच्या बंदरात पोचवावा, म्हणून किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं तो मार्ग उभारला. त्या गाडीचं वाफेचं इंजिन १९२१ मध्ये याच मँचेस्टरात तयार झालं होतं. १९२३ पासून ते धावलं आणि १५ एप्रिल १९९४ ला त्याच्या जागी डिझेल इंजिन आलं. माझे बाबा लहानपणी त्याच इंजिनामागच्या डब्यात बसून मामाच्या गावाला जायचे. इथल्या सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियममध्ये कापसाची जुनी यंत्रं अजून चालवून दाखवतात. पिंजणाऱ्या यंत्राच्या तोंडाशी रुईचा पेळू बघितला आणि बाबांना तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "धागा लांब दिसते. आपला नाही हा."

ते बरोबर बोलले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, दक्षिणेतली बंदरं अडवली गेली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. इथं त्या काळाला कापसाचा दुष्काळ म्हणतात. लाखो कामगार उपाशी राहिले. तरीही ३१ डिसेंबर १८६२ ला मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये जमून त्यांनी गुलामगिरीविरुद्धच्या लढ्याला पाठिंबा दिला, आणि पुढच्याच महिन्यात लिंकननं त्यांना आभाराचं पत्र लिहिलं. लिंकनचा पुतळा आजही इथल्या लिंकन चौकात उभा आहे. त्या चार वर्षांत गिरण्या चालल्या त्या मोठ्या प्रमाणात भारतीय कापसावर, आणि वऱ्हाड १८५३ पासून ब्रिटिशांच्या ताब्यात होताच. भाव चढले, वऱ्हाडातला शेतकरी ज्वारी कमी करून कापूस वाढवू लागला. आपला कापूस तेव्हा आखूड धाग्याचा. तो मागावर सारखा तुटायचा, मजुरी बुडायची, म्हणून इथले विणकर त्याला शिव्या घालायचे. १८६५ ला युद्ध संपलं, अमेरिकन कापूस परत आला आणि भाव कोसळले. वऱ्हाडात मात्र १८६७ ला रेल्वे नागपूरपर्यंत गेली होती आणि १८७० ला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावच्या फाट्याचं उद्घाटन करायला आले होते. भाव पडला तरी रूळ अंथरलेले राहिले आणि पीकही तेच राहिलं. जगात कुठंतरी काहीतरी घडतं, भाव चढतो, आपण पेरतो, मग भाव पडतो आणि आपण तिथंच अडकतो. हे बाबांच्या पिढीत सुरू झालेलं नाही. ते कागदोपत्री कुठं आणि केव्हा सुरू झालं ते मला इथं बघायला मिळालं.

शहराच्या मधोमध रॉयल एक्स्चेंजची इमारत आहे. एके काळी इथं कापसाचे आणि कापडाचे सौदे व्हायचे. १९६८ ला सौदे थांबले आणि १९७६ पासून तिथं नाट्यगृह आहे. पण वर भिंतीवरचा भावफलक शेवटच्या दिवशी होता तसाच ठेवलाय. घाटंजीच्या बाजारात फळ्यावर खडूनं लिहिलेला भाव वाचत बाबांच्या मागे उभं राहिल्याचं मला आठवतं. मँचेस्टरचा भाव गोठला, आपला अजून रोज बदलतो. आणि त्या व्यवहारातून इंग्लंड अजून पूर्ण बाहेर पडलेलं नाही. तासाभराच्या अंतरावरच्या लिव्हरपूलमध्ये १८४१ साली सुरू झालेल्या दलालांच्या संघटनेचा वारसा सांगणारी इंटरनॅशनल कॉटन असोसिएशन आजही जगभरच्या कापूस-सौद्यांचे नियम करते आणि तंटे सोडवते.

ग्रंथालयात शोध घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. जुन्या कागदांत 'यवतमाळ' फारसं सापडत नाही. १९०५ पर्यंत जिल्ह्याला वणीचं नाव होतं आणि इंग्रज ते 'वून' असं लिहीत. वून आणि बेरार हे शब्द घालून बघा, कपाटंच्या कपाटं उघडतात.

५. वर्गात तुमचं गाव हा पुरावा आहे. तो मांडा.

आमचा विभाग ज्या इमारतीत भरतो तिला आर्थर लुईस यांचं नाव आहे. कॅरिबियन बेटांतल्या सेंट लुशियाचे लुईस या विद्यापीठातले पहिले कृष्णवर्णीय प्राध्यापक. १९५४ चा त्यांचा प्रसिद्ध लेख सांगतो की गरीब देशांच्या शेतीत गरजेपेक्षा जास्त माणसं असतात. त्यांतली काही उद्योगात नेली तरी शेतीचं उत्पन्न घटत नाही. पहिल्या सत्रात हे ऐकताना मी गप्प होते. वर्गातले बाकीचे भराभर बोलत होते, आणि इंग्रजी बोलण्याचा वेग म्हणजेच हुशारी असं मला वाटत होतं.

दुसऱ्या सत्रात मी हात वर केला. म्हटलं, आमच्याकडे उन्हाळ्यात माणसं रिकामी दिसतात हे खरं, पण बोंडं फुटली की गावात एक मजूर मिळत नाही. वेचणीचा दर किलोमागे चढत जातो, शेजारच्या तालुक्यांतून गाडी भरून बाया आणाव्या लागतात, आणि दोन आठवडे उशीर झाला तर पावसानं रुई पिवळी पडते. मग ही जास्तीची माणसं कुठल्या महिन्यात मोजायची? सगळे शांत झाले. आमच्या प्राध्यापिकेनं पुढच्या तासाला थिओडोर शुल्ट्झ यांचं १९६४ चं पुस्तक आणलं. शुल्ट्झ यांनी १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीनंतर भारतात माणसं गेली तिथं पेरा किती घटला हे तपासलं होतं. माणसं गेली तसा पेराही घटला होता, म्हणजे ती माणसं फुकाची नव्हती. गंमत अशी की १९७९ चं अर्थशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळून मिळालं. माझ्या आईनं हातानं वेचलेल्या कापसाचा प्रश्न इतक्या मोठ्या वादात बसतो, हे त्या दिवशी कळलं आणि त्यानंतर वर्गात बोलताना माझा घसा कोरडा पडला नाही.

तेव्हा व्याकरण चुकेल याची काळजी सोडा. इथं गुण मुद्द्याला असतात. माहिती कितीही दिली तरी त्यातून तुमचं म्हणणं काय हे पहिल्या पानावर लागतं, आणि प्रत्येक दाव्याला आधार द्यावा लागतो. आपल्या कॉलेजात ही सवय लागत नाही. ती लावून घ्यायला पहिला निबंध लवकर लिहून शिक्षकांना दाखवा.

६. फक्त आपल्या लोकांत राहू नका.

माझी इथली सगळ्यात जवळची मैत्रीण बुर्किना फासोची आहे. तिच्या घरीही कापूस पिकतो. स्वयंपाकघरात पहिल्यांदा बोलणं झालं तेव्हा तिनं माझी बोटं हातात घेतली आणि नखांच्या बाजूचे जुने ओरखडे बघून विचारलं, वेचणी? वाळलेल्या बोंडाच्या टोकांनी तिचीही बोटं तशीच झालेली.

मग आमच्या रात्री कापसावरच जायच्या. भारतात बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली, त्यांच्याकडे तो २००८ मध्ये शेतात आला. आपल्याकडे २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं जिल्हा झोपवला. त्यांच्या देशानं धागा आखूड येतो म्हणून २०१६ च्या सुमारास बीटी सोडूनच दिला, कारण तिथं खरेदी कंपन्यांमार्फत होते आणि धाग्याची लांबी घटली की सगळ्यांचाच तोटा. आपल्याकडे बियाणं ज्यानं त्यानं दुकानातून आणायचं आणि तोटाही ज्यानं त्यानं सोसायचा. २००३ मध्ये बुर्किना फासो, बेनिन, चाड आणि माली या चार देशांनी जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेच्या कापूस-अनुदानाविरुद्ध आवाज उठवला. ही गोष्ट तिला शाळेपासून माहीत होती. त्याच अनुदानाचा फटका आपल्यालाही बसत होता, पण आमच्या गावात या चार देशांचं नाव कुणी ऐकलेलं नाही. इथं आल्याचा सगळ्यात मोठा फायदा कोणता असं विचाराल तर मी डिग्रीआधी ही मैत्री सांगेन.

७. जिल्ह्याचं नाव सांगताना पूर्ण सांगा.

यवतमाळ म्हटलं की समोरचा फोनवर शोधतो आणि शेतकरी आत्महत्या वाचून चेहरा पाडतो. त्या आत्महत्या खऱ्या आहेत, आमच्या गल्लीतही झाल्या आहेत, आणि त्या मी कुणासमोर लपवणार नाही. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेनं जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात गेले, हेही सांगते. पण त्यांतल्या काहींच्या विधवा आणि एक वाचलेला शेतकरी एका मोठ्या कंपनीविरुद्ध थेट स्वित्झर्लंडच्या बाझल न्यायालयापर्यंत गेले, हेही त्याच दमात सांगते. आपली माणसं मरतात एवढंच जगाला माहीत असणं मला मान्य नाही. ती भांडतातही.

आणि टिपेश्वरचा वाघ सांगते. २०१९ मध्ये गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक तरुण वाघ आपल्या टिपेश्वर अभयारण्यातून निघाला आणि शेतं, नाले, रस्ते ओलांडत तेराशे किलोमीटरच्या आसपास चालून बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. वाटेत पऱ्हाटीच्या शेतांतच त्यानं दिवस काढले. ही गोष्ट ऐकल्यावर लोक यवतमाळबद्दल पुढचा प्रश्न विचारतात, आणि पुढचा प्रश्न आला की बोलणं सुरू होतं.

८. आडनाव इथंही विचारतात.

खोली शोधताना एका भारतीय घरात सगळं जमलं होतं. भाडं ठरलं, चावी कधी द्यायची तेही ठरलं. मग आडनाव विचारलं, गाव विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी निरोप आला की खोली दुसऱ्याला दिली. जाहिरात पुढे आठवडाभर तशीच होती. समुद्र ओलांडला की हे मागे पडेल असं समजून येऊ नका, म्हणजे धक्का बसणार नाही. पण त्याच शहरात १४ एप्रिलला पंजाबी, तमिळ, मराठी घरांतली माणसं एकत्र येऊन आंबेडकर जयंती करतात, हेही माहीत असू द्या. आल्या आल्या त्यांना शोधा. माझी आत्ताची खोली त्यांच्यातल्याच एका काकूंमुळे मिळाली.

९. घरी फोन ठरल्या वेळी करा, आणि फक्त बरं चाललंय एवढंच सांगू नका.

उन्हाळ्यात आपल्यात साडेचार तासांचं अंतर असतं, हिवाळ्यात साडेपाच. आई वावरातून येऊन चूल पेटवते तेव्हा माझी दुपार असते. सुरुवातीला ती रोज एकच विचारायची, "काहून वं, आवाज बारीक येऊन रायला तुहा. जेवली काय?" मी हो म्हणायची आणि फोन ठेवायची. हळूहळू मी तिला अभ्यासच सांगू लागले. लुईस काय म्हणतात ते सांगितलं तर ती म्हणाली, "त्याले म्हणा एक दिवस वेचाले ये." ते वाक्य माझ्या प्रबंधाच्या प्रस्तावनेत आहे, तिच्या परवानगीनं.

१०. लंडनला गेलात तर १०, किंग हेन्रीज रोडला जा.

बाबासाहेब १९२१-२२ मध्ये या घरात राहिले. महाराष्ट्र शासनानं २०१५ मध्ये ते विकत घेतलं. १९१६ ला ते लंडनला आले, बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ ला अभ्यास अर्धा टाकून परत जावं लागलं. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेनांचं कर्ज घेतलं, आणि १९२० ला परत आले. १९२३ ला डी.एस्सी. मिळाली. ज्यांच्या नावाची शिष्यवृत्ती आपण घेतो त्या महाराजांनी स्वतः ही मदत केली होती. वर्ष संपत आलं की कामं अर्धी दिसतात, आपलं काही झालंच नाही असं वाटतं. माझंही तसं होत होतं. त्या घरातल्या लहानशा खोलीत उभी राहिले तेव्हा १९१७ चं ते परतणं डोळ्यांसमोर आलं आणि उरलेलं काम किती आहे याचा हिशेब शांतपणे मांडता आला.

११. राहायचं की परतायचं, हे दुसऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवू नका.

२०२५ मध्ये पदवीनंतर इथं दोन वर्षं राहून काम करता येत होतं. ती मुदत अठरा महिन्यांवर आणायचं सरकारनं त्याच वर्षी मे महिन्यात जाहीर केलं. ज्यांच्या डोक्यावर कर्ज आहे त्यांनी राहून कमवावं, त्यात कमीपणा काही नाही. मी परत जातेय, कारण माझा विषय तिथं आहे आणि तो आत्ता पेटलाय. २४ जुलै २०२५ ला भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. अमेरिकेनं बऱ्याच भारतीय मालावर ५० टक्के कर लावला. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपली बोंडं फुटायच्या नेमक्या वेळी बाहेरच्या कापसाला बिनशुल्क वाट मिळाली. लांब धाग्याचा हमीभाव २०२५-२६ साठी क्विंटलला ८,११० रुपये ठरला. तो हातात पडायचा तर भारतीय कापूस महामंडळाचं (सीसीआय) खरेदी केंद्र वेळेवर उघडायला हवं आणि ओलाव्याच्या नावाखाली कटती व्हायला नको. बाबा फोनवर विचारतात, "तिथं बसून तुले काय दिसते, भाव वाढन का?" या प्रश्नाचं उत्तर मला घाटंजीच्या जिनिंगसमोर रांगेत उभं राहूनच शोधायचं आहे. दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली की तालुक्यातल्या शेतकऱ्यांकडून रोजचा मिळालेला भाव, ओलावा आणि कटती लिहून घ्यायची, अशी वही मी आत्ताच आखून ठेवलीय.

परत आल्यावर रविवारी मात्र मी घाटंजीत आणि पांढरकवड्यात पोरापोरींसाठी मोकळी असेन. पुढच्या वर्षी जायचं असेल त्यांनी दिवाळीच्या आत पासपोर्ट, सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका आणि दोन शिक्षकांची शिफारसपत्रं तयार ठेवावीत, आणि आपल्याला नेमकं काय शिकायचंय यावर दोन पानं लिहून आणावीत. मराठीत लिहिली तरी चालतील, इंग्रजी आपण मिळून करू.